कापलेलं वळण

तो ड्रायव्हर तुम्ही मारलात. रस्ते खात्याच्या साहेबांनो, तुम्ही. तुमच्या चौकशीत काय ठरलंय ते सगळ्या घाटाला ठाऊक आहे: बाईने खूण दिली, भावांनी ओढलं, माणूस गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. पण रस्ता तुमचा. वळण कापलं तुम्ही. आणि तिथे शिट्टी घेऊन जो उभा होता तोही तुमचाच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना खाली उतरून ऐकायची सवय नसते, तरी ऐका.

खाणीपासून बंदरापर्यंत जाणारा हा राज्यमार्ग. तुमच्या लेखी त्याला नंबर आहे. घाटात त्याला लाल रस्ता म्हणतात, कारण खनिजाची लाल धूळ झाडांवर, छपरांवर, माणसांच्या भुवयांवर बसलेली असते. इथली माणसं खोकली तरी रुमाल लाल होतो, आणि डॉक्टरला कळत नाही की रक्त आहे का रस्ता.

आधी ही खेचरांची वाट होती. मग खाणवाल्यांनी कैदी आणले. पायात बेड्या, हातात घण. दरड कोसळून त्यांच्यातले जे गाडले गेले त्यांच्यावरच खडी पसरली, कारण उकरायला वेळ जातो. हा रस्ता तेव्हापासून वेळ वाचवत आलाय.

मग बैलगाड्या. पंक्चरवाल्या ताईचा, म्हणजे तुमच्या चौकशीतल्या त्या बाईचा, आजा चढाच्या पायथ्याशी जास्तीची बैलजोडी घेऊन उभा असायचा. भरलेली गाडी आली की आपली जोडी पुढे जुंपायची आणि माथ्यावर पोचवून परत यायचं. आज्याचा भाऊ ओंडका घेऊन गाडीमागून चालायचा. बैल दमले की ओंडका चाकाखाली सरकवायचा, म्हणजे गाडी मागे येत नाही. एकदा ओंडका ओला होता. चाक त्याच्यावरून घसरलं आणि भावाच्या छातीवरून गेलं. पुढचे बैल रक्तातून चालेनात. गाडीवान ओरडायला लागले, तेव्हा आज्याने आपल्या हाताने त्यावर माती टाकली आणि जोडी हाकली.

पुढे डांबर आलं, सरकार आलं, नंबर आला. ताईच्या बापाने लष्कराच्या भंगारातला एक ट्रक घेतला आणि त्यावर साखळी गुंडाळून ओढणारा विंच बसवला. दरीत गेलेली गाडी वर ओढायची, उलटलेली सरळ करायची, हा धंदा. विंचच्या गोंगाटात माणसाची हाक ऐकू यायची नाही, म्हणून बापाने खुणा ठरवल्या. उलटलेल्या गाडीत जो शिरेल त्याने लोखंडावर हातोडा मारायचा. एक ठोका, थांब. दोन ठोके, ओढ. आत शिरायला अंग बारीक लागतं, म्हणून ताई शिरायची. दोघे भाऊ लहान, ते विंचपाशी कान लावून बसायचे. पाढे पाठ व्हायच्या आधी त्या पोरांना ठोके पाठ झाले.

बाप मरताना रस्ता वाटून गेला. रस्ता सरकारचा, पण बापाने तो शेतासारखा वाटला. वळणाच्या वरचा घाट थोरल्याला, खालचा धाकट्याला, आणि मधलं वळण लेकीला. वळण असं, की भल्याभल्या ड्रायव्हरची मस्ती तिथे उतरायची आणि पहिला गिअर पडायचा. गाडी थांबायची, ब्रेक गार व्हायचे, ड्रायव्हर ताईच्या दुकानात टायरमधली हवा बघून घ्यायचा, चहा घ्यायचा, तिची दोन बोलणी खायचा आणि मग पुढे जायचा. एखादी गाडी नेमकी वळणावरच आडवी झाली, तर तिची पुढची चाकं ज्याच्या बाजूला, त्या भावाची ती गाडी. निवाडा ताईचा.

"तू नेहमी दादाचंच खरं करतेस," धाकटा म्हणायचा.

"मागच्या खेपेला आख्खा टँकर तुझ्या पदरात घातला, तेव्हा दात काढत होतास. तेव्हा नाही आठवला दादा?"

धाकटा हसायचा. थोरला तोंड वाकडं करायचा. पण दोघंही ऐकायचे.

मग तुम्ही वळण कापलंत. डोंगर सुरुंगांनी फोडला आणि वरपासून खालपर्यंत सरळ उतार काढलात, दोन्ही अंगांना खडकाच्या भिंती. उद्घाटनाला तुमच्यातला एक जण म्हणाला की आता खाण आणि बंदर यांच्यामध्ये काही आडवं येणार नाही. खरंच आलं नाही. माथ्यावरून सुटलेला भरला ट्रक आता कोणाच्या बापाला थांबत नाही. तापलेल्या ब्रेकचा वास ताईच्या दुकानापर्यंत येतो आणि ट्रक मात्र येत नाही. जुना रस्ता तिच्या दारात पडून आहे, डांबराच्या भेगांतून गवत वर आलंय.

वळण गेलं आणि भावांमधला बांधही गेला. नवा उतार कोणाचा? ना वरचा, ना खालचा. तुम्ही नियम काढलात: जो आधी रस्ता मोकळा करेल, काम त्याचं. हाडाचा तुकडा दोघांमध्ये टाकायचा आणि कुत्री भांडतात म्हणून नाक मुरडायचं. एका पावसाळ्यात सख्खे भाऊ वैरी झाले. थोरल्याच्या डिझेलच्या टाकीत कोणीतरी वाळू ओतली. धाकट्याच्या क्रेनची काच फुटली. एकदा धाकट्याने थोरल्याच्या हाताच्या बोटांवर साखळी सोडली आणि चुकून सुटली म्हणाला. थोरल्याची दोन नखं काळी पडून गळाली. त्याने पुढच्या आठवड्यात भर रस्त्यात धाकट्याच्या गुडघ्यावर पाना घातला आणि तोही चुकून लागला म्हणाला.

ताई दोघांकडे जाऊन आली. थोरला म्हणाला, "तुझं वळण राहिलं नाही ताई, तुझा निवाडा कुठून राहील?" हे बोलणं तिला लागलं, कारण ते खरं होतं.

त्या दुपारी ती टायरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होती. आधी हॉर्न ऐकू आला, न तुटता, लांबलचक, जसा ब्रेक गेलेला माणूस दाबून धरतो तसा. मग डोंगराला धडक बसली. घमेल्यातलं पाणी हललं.

ताईने जॅक उचलला, पहार खांद्यावर टाकली, हातोडा कमरेला खोचला आणि जुन्या रस्त्याच्या कडेने नव्या उतारावर उतरली. खनिजाचा ट्रक खडकाला धडकून आडवा पडला होता. लाल माती रस्ताभर. वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांना गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या होत्या आणि प्रत्येक जण हॉर्न वाजवून मदत करत होता. केबिनचं तोंड एका अंगाने खडकात दबलं होतं. समोरची काच नव्हतीच. ताई तिथून आत शिरली.

ड्रायव्हर तरणा होता. डॅशबोर्ड मागे सरकून त्याच्या मांड्यांवर बसला होता आणि स्टिअरिंग पोटाला टेकलं होतं. कपाळाची कातडी फाटून भुवईवर लोंबत होती. डोळे मात्र टक्क उघडे.

"मावशी, पाय आहेत का बघा हो. मला जाणवत नाहीत."

ताईने हात घालून चाचपलं. हात रक्ताने भरून वर आला. "आहेत. दोन्ही आहेत. तुला आणखी हवे होते का?"

तो हसायला गेला आणि त्याच्या नाकातून रक्ताचा फुगा आला. "आईला कळवू नका. तिला वाटतं मी खाणीच्या ऑफिसात कारकून आहे. डोक्यावर पंखा आहे म्हणून सांगितलंय."

"तूच सांग काय ते. मी कशाला तुझ्या खोट्यात भागीदार होऊ? बोलत राहा. झोपलास तर कानाखाली देईन."

तिने जॅकचं बूड सीटच्या लोखंडात बसवलं आणि त्याचं वरचं टोक डॅशबोर्डखाली लावलं. दांडा फिरवला. पत्रा कुरकुरला आणि केसभर उचलला. ड्रायव्हर किंचाळला. मांडीवरचा दाब कमी झाला तसं रक्त जोरात आलं. ताईने डोक्याचा रुमाल काढून मांडीला वरच्या अंगाने आवळला, गाठीत पाना घालून पीळ दिला. रक्त मंदावलं. आता स्टिअरिंगचा दांडा सुटला की माणूस बाहेर. दांड्याच्या सांध्यात एक खीळ होती, ती वाकून अडकली होती.

बाहेर शिट्टी वाजली. खात्याचा निरीक्षक आला. सगळा घाट त्याला शिट्टीसाहेब म्हणतो. त्याने वाकून आत पाहिलं. त्याचं तोंड ड्रायव्हरच्या तोंडापासून हातभर होतं.

"बाई, बाहेर या. रस्ता अडलाय."

"हा जिवंत आहे. रक्त बांधलंय मी. एक खीळ काढली की झालं. माझे भाऊ येतील, त्यांना सांगा, साखळी लावायची नाही. ऐकलंत?"

"साहेब, पाणी," ड्रायव्हर म्हणाला.

शिट्टीसाहेबाने त्याच्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. "बरं. सांगतो त्यांना," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो फोन कानाला लावून बाजूला झाला. ताईला त्याचं एवढंच ऐकू आलं: "हो सर. दोन्ही बाजूंनी, सर. हो सर, जहाज... नाही सर. समजलं."

मग वरून थोरल्याची क्रेन आली आणि खालून धाकट्याची, जवळजवळ एकदमच. ताईला फुटक्या काचेच्या चौकटीतून रस्त्याची एक फाक दिसत होती, तिच्यात दोघे आले.

"मागे घे," थोरला म्हणाला. "गाडी वरून आलीय."

"आणि पडलीय कुठे? डोळे आहेत का बटणं?"

"बापाने तुला खालचा घाट दिला, खालीच राहायचं."

"बापाने तुला अक्कल द्यायची राहिली बघ."

थोरल्याने हातातल्या साखळीचा आकडा फिरवला. तो धाकट्याच्या गालावर बसला आणि गाल ओठापासून कानापर्यंत उघडला. आतले दात दिसले. धाकट्याने हात लावून पाहिला, बोटं पाहिली, आणि कमरेची पक्कड काढून थोरल्याच्या तोंडावर घातली. दात तुटल्याचा आवाज केबिनपर्यंत आला. दोघं खनिजाच्या ढिगात पडले. थोरल्याने धाकट्याचं डोकं धरून मातीत दाबलं. धाकट्याने त्याच्या काखेत चावा घेतला आणि मांस सोडेना. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "अरे, सोडवा." कोणीतरी म्हणालं, "आधी रस्ता सोडवा."

"थांबा रे मुडद्यांनो!" ताई आतून ओरडली. हॉर्नच्या गदारोळात ते कोणाला ऐकू जाणार?

मग शिट्टी वाजली. शिट्टीसाहेब दोघांच्या मध्ये गेला. त्याने काय सांगितलं ते ताईला ऐकू आलं नाही. तिला दिसलं ते इतकंच, की दोघे उठले, रक्त थुंकले आणि मान हलवून दोन दिशांना गेले. तिच्या जिवात जीव आला. सांगितलं त्याने, तिला वाटलं. माणूस आहे शेवटी.

"कोण होते ते?" ड्रायव्हरने विचारलं.

"माझे भाऊ. गुणी आहेत."

"दिसलं," तो म्हणाला, आणि ताईला हसू आलं.

तिने हातोडा काढला. खिळीवर एक घाव घातला. खीळ हलली नाही. पाय रोवून, अंगातलं सगळं बळ लावून तिने दुसरा घातला. खीळ सुटली आणि खणकन खाली पडली. स्टिअरिंग सैल झालं. "निघालं!" ती म्हणाली. "निघालं बघ पोरा!"

आणि दोन्ही इंजिनं एकदम गुरगुरली.

ते ऐकताक्षणी तिला कळलं. आपल्याच हाताने काय केलं ते तिला पुरतं कळायच्या आधी कानाला कळलं. तिने हातोडा उचलला, एकच ठोका द्यायला, थांब म्हणायला. पण तिला न दिसता मागे लावलेली साखळी ताणली गेली आणि ट्रक खडकावरून उखडला. पुढची साखळी ताणली गेली आणि केबिन उलटीकडे ओढली गेली. थोरल्याला वाटलं ठोके आपल्यासाठी. धाकट्याला वाटलं आपल्यासाठी. लहानपणापासून दोघांनाही वाटत आलं होतं की ताई आपल्या बाजूची आहे.

जॅक उडाला. तो ताईच्या मनगटावर बसला आणि हाड कातडीतून बाहेर आलं. दाराचा खांब आत वाकला, हळूहळू, जशी एखादी मूठ मिटते. त्या मुठीत ड्रायव्हरची छाती होती. त्याच्या बरगड्या एकामागून एक मोडल्या आणि प्रत्येकीचा आवाज ताईने ऐकला. त्याने तिच्या दंडाला धरलं होतं. तो ओरडला नाही. ओरडायला आत हवाच उरली नव्हती. तोंडातून, नाकातून, कानातून रक्त आलं. ते ताईच्या तोंडावर उडालं, कोमट. पकड शेवटपर्यंत सुटली नाही. नंतर कितीतरी दिवस तिच्या दंडावर त्याच्या पाची बोटांचे वळ होते.

केबिन फाटून दोन झाली तेव्हा ताई बाहेर फेकली गेली. धाकट्याने तिला पाहिलं. त्याने इंजिन बंद केलं. थोरला विंचचा दांडा धरून बसला होता, तो त्याला सोडता येईना. ताई उठली. तुटलेला हात लोंबत होता. चांगल्या हाताने तिने पहार उचलली आणि धाकट्याच्या क्रेनची काच फोडली, मग दार, मग त्याचा खांदा. त्याने हात वर केला नाही. "मार," तो फाटक्या गालातून म्हणाला. "मार ताई." तिने पुन्हा मारली. मग ती थोरल्याकडे वळली आणि अर्ध्या वाटेत कोसळली.

शिट्टी वाजली. मागचा भाग एका कडेला, पुढचा दुसऱ्या कडेला, मध्ये एक गाडी जाईल एवढी जागा. जमिनीला गाल टेकून पडल्या पडल्या ताईने पाहिलं: पहिला ट्रक रक्तावरून गेला. दुसऱ्याच्या वेळी कोणीतरी त्यावर फावड्याने लाल माती टाकली.

दवाखान्याच्या वॉर्डात पोलीस दारात बसला होता. ताईच्या हातात सळई घातली होती, दोन बोटं कापावी लागली होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी रात्रंदिवस नळ चालू आहे म्हणून ओरडायची आणि नळ खरंच चालू असायचा. थोरल्याला हवालदाराबरोबर आणलं, जबडा बांधलेला. तो खाटेपाशी उभा राहिला, बसला नाही.

"माझं तोंड बघू नकोस," तो म्हणाला.

"बघत नाहीये. तुम्हाला सांगितलं होतं ना त्याने? साखळी लावू नका म्हणून?"

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. "काय सांगितलं होतं?"

"शिट्टीवाल्याने. आत माणूस जिवंत आहे म्हणून."

थोरल्याच्या बांधलेल्या जबड्यातून शब्द नीट निघेनात. "तो म्हणाला, ड्रायव्हर संपला. म्हणाला, तुमची बहीण आतून साखळीची जागा बघतेय. ती ठोके देईल, तेव्हा ओढा. जो आधी काढेल त्याला घाट."

 ताई म्हणाली, "नळ बंद कर रे कोणीतरी."

चौकशी तुमच्याच कचेरीत झाली. लांब टेबल, वर काच, काचेखाली घाटाचा फोटो, वळण कापल्यानंतरचा. साहेबांपुढे पाण्याचे पेले झाकून ठेवलेले. शिट्टीसाहेब इस्त्रीच्या कपड्यांत बसला होता. त्याने सांगितलं की आपण आत वाकून पाहिलं तेव्हा हालचाल नव्हती.

थोरला बाकावरून उठला तो थेट टेबलावर. पेले फुटले. त्याने शिट्टीसाहेबाचा गळा धरला आणि त्याचं डोकं काचेवर आपटलं, घाटाच्या फोटोवर, दोनदा. धाकटा एका हाताने मदतीला धावला. कितीतरी महिन्यांनी दोघे एका बाजूने ओढत होते. शिपाई काठ्या घेऊन आत आले. त्यांनी थोरल्याचा बांधलेला जबडा पुन्हा फोडला, धाकट्याला केसांना धरून दाराबाहेर फरफटत नेलं आणि तिथे मारत राहिले. बंद दारामागून काठीचा आवाज येत होता. मोठ्या साहेबाने रुमालाने कोटावरचं पाणी टिपलं.

"बाई," तो म्हणाला, "आपण मुद्द्याचं बोलू. ओढण्याची खूण म्हणजे दोन ठोके. ते तुम्ही दिलेत की नाही?"

"दिले."

"मग प्रश्न मिटला."

"माझ्यापुरता मिटला," ताई म्हणाली. "माझ्या हाताचं मी सांगितलं. भाऊ त्यांच्या हाताचं सांगायला तयार होते, त्यांना तुम्ही बाहेर बडवताय. हा हात भरून यायला आयुष्य पुरायचं नाही, ते माझं मी बघेन. दवाखान्यातून सुटल्यावर त्याच्या आईकडे मी जाऊन आले. ती म्हणाली, ऑफिसात अपघात कसा होईल? मी तिला खरं ते सांगितलं. सगळं सांगितलं, ठोक्यांसकट. तिने एकच गोष्ट विचारली, आणि तीच मी तुम्हाला विचारायला आलेय."

"वेळ झालाय," साहेब म्हणाला.

"ह्या माणसाने आत वाकून पाहिलं. पोराने त्याच्याकडे पाणी मागितलं. हा मला बरं म्हणाला, सांगतो म्हणाला. मग फोन आला, आणि फोन ठेवेपर्यंत जिवंत माणूस मेलेला झाला होता. फोनवर पलीकडे कोण होतं?"

 शिट्टीसाहेबाने कपाळाला रुमाल धरला होता आणि तो तुमच्याकडे बघत होता, साहेबांनो, तिच्याकडे नाही. तो तुमच्यातल्या एकाकडे बघत होता.

"मी उठणार नाही," ताई म्हणाली. "तिकडे घरी त्याची आई उत्तराची वाट बघत बसलीय. तुम्ही टेबलाभोवती जेवढे बसलात तेवढ्यांत एक आवाज त्या फोनातला आहे. बोला. पोर जिवंत आहे हे कळल्यावर ओढा म्हणून कोण म्हणालं?"